केळुसकर साहेबांची तपासणी

तपासणीला केळुसकर साहेबच हवेत, असा हट्ट वैजयंताने धरला होता. जखमी माजी सैनिकांच्या घरात उतार, कठडे, सोयीचं न्हाणीघर करायला मदत द्यायची की नाही, ते हेच साहेब ठरवत. सुरुंगाच्या स्फोटात वैजयंता कमरेखाली कायमची लुळी पडली होती. तरी मागच्या वेळी साहेब दारातूनच म्हणाले होते, "घर ठीक आहे. आई आहे ना उचलायला?" पुढे तिला उचलतानाच आईचा मणका सरकला.

आता नियम बदलला होता. तपासणाऱ्याने संवेदनपट्टा बांधून अर्जदाराचं शरीर स्वतः अनुभवायचं. पट्ट्याचा रिमोट अर्जदाराच्या हातात.

वैजयंताने बटण दाबलं आणि साहेब खुर्चीतून खाली कोसळले. त्यांचे पाय हलेनात, पण त्याच पायांतून आगीचे लोळ मात्र उठू लागले.

"चला, न्हाणीघर बघा," ती म्हणाली.

साहेब कोपरांवर सरपटत निघाले. न्हाणीच्या उंबऱ्यावर छाती अडकली, तेव्हा ते रडू लागले. "मंजूर आहे, बाई! सगळं मंजूर! सोडवा मला!"

"सोड गं त्यांना," आई खाटेवरून कळवळून म्हणाली. "झालं ना आपलं काम."

वैजयंताने रिमोट मुठीत घट्ट धरला.

"आपलं झालं, आई," ती म्हणाली. "साहेबांची आंघोळ राहिलीय."