एकाच झाडाची जागा

"मला हेच हवं," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि नर्सरीतल्या गुडघ्याएवढ्या मॅग्नोलियाच्या रोपाजवळून हलेचनात.

मनोहररावांनी कुंडीवरची पाटी वाचली. बियांपासून केलेलं रोप, पहिलं फूल यायला दहा वर्षंही लागू शकतात. दहा वर्षं! डॉक्टरांनी तर सुनेत्राबाईंचा पुढचा उन्हाळा निघणं कठीण म्हटलं होतं.

ते त्यांना नेत्रानं, त्यांच्या लेकीनं, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रडत रडत सांगितलं होतं. सुनेत्राबाई तेवढ्यात आत औषधं घेत होत्या. मनोहररावांनी तिथल्या तिथे लेकीला बजावलं, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. रक्त कमी झालंय, गोळ्यांनी भरून येईल, बस्स. त्यांच्या घरात हीच रीत होती. त्यांच्या आईलाही शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि म्हातारी कशी निवांत गेली! नेत्रा काहीतरी बोलू बघत होती, पण त्यांनी तिला बोलू दिलं नाही.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. सुनेत्राबाईंचा जन्म पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालण्यात गेला. दारात आपलं एक फुलांचं झाड असावं, हे त्यांचं जुनं वेड. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, लेकीच्या घरापुढे हातभर अंगण होतं आणि कॉलनीच्या कमिटीनं तिथे एकच झाड लावायची परवानगी दिली होती. त्या झाडाला फुलं आलेली तिनं एकदा तरी डोळ्यांनी बघावीत, मग देवानं काय ते करावं, एवढंच मनोहररावांचं मागणं होतं.

आणि ही बाई दहा वर्षांचं झाड धरून बसली होती.

नर्सरीतल्या मुलीला त्या खोदून खोदून विचारत होत्या. मुलगी म्हणाली, या रोपाचं बरंच करावं लागतं. पहिले काही उन्हाळे हातानं पाणी घालायचं, हरणं खातात म्हणून जाळी बांधायची, बर्फ पडला की फांद्या हलक्या हातानं झटकायच्या. कोणीही दुसरं झाड बघितलं असतं. सुनेत्राबाईंचा चेहरा मात्र खुलला.

"बघा, कामाचं झाड आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या चाफ्याच्याच कुळातलं. वाढेल सावकाश."

मनोहररावांनी पलीकडचं चेरी दाखवलं. डोक्याच्या वर वाढलेलं, येत्या वसंतातच फुलणारं. सुनेत्राबाई मान हलवत राहिल्या तेव्हा त्यांचा तोल गेला.

"दहा वर्षं कोण थांबणार आहे इथे?"

शब्द तोंडातून निसटले आणि त्यांनी जीभ चावली. सुनेत्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. घ्या तुम्हाला हवं ते." संसारात इतक्या सहज त्या कधी हरल्या नव्हत्या. मनोहररावांना वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

नर्सरीची माणसं येऊन चेरी लावून गेली. पाण्याची बारीक नळी बसवली, तिला टायमर जोडला, बुंध्याभोवती लाकडाचा भुसा पसरला. मनोहररावांना काडी उचलावी लागली नाही.

त्या हिवाळ्यात सुनेत्राबाईंनी भलतंच काढलं. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायच्या आणि नवऱ्याकडून कुकर लावून घ्यायच्या, फोडणी करवून घ्यायच्या. वॉशिंग मशीनसुद्धा शिकवलं. का म्हणून विचारलं तर, हात दुखतात, म्हणायच्या. मनोहररावांना गलबलून यायचं. बिचारीला अजून वाटतंय, रक्तच कमी आहे! मग ते उसनं हसू आणून पुढच्या दिवाळीत पुण्याला जायचे बेत आखायचे. सुनेत्राबाई सगळ्याला हो म्हणायच्या.

मार्चअखेर चेरी फुललं. पान दिसेना, सगळं गुलाबी. शाल लपेटून खिडकीशी बसलेल्या सुनेत्राबाई म्हणाल्या, "छान फुललंय हो." मनोहरराव बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

आठवडाभरात पावसानं फुलं झडली. मे महिन्यात सुनेत्राबाई गेल्या.

जूनमध्ये एका सकाळी मनोहरराव पायरीवर बसले होते. सकाळी म्हणजे दहा वाजून गेले होते. हल्ली त्यांना उठवतच नसे. कशासाठी उठायचं? अंगात कालचाच शर्ट होता. टायमर वाजला, नळीतून पाणी ठिबकलं, पुन्हा वाजला, थांबलं. चेरीला त्यांची गरज नव्हती. कुणालाच नव्हती.

नेत्रा कामाचा कॉल संपवून चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"एक मात्र बरं झालं," मनोहरराव म्हणाले. "तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फुलं बघून गेली." तेवढंच एक समाधान आता त्यांच्यापाशी उरलं होतं.

नेत्रानं नजर चहाकडे वळवली. तिचा चेहरा बघून त्यांना शंका आली. "तू कधी बोलली नाहीस ना तिच्याशी?"

"मी काय बोलणार, बाबा? इथे डॉक्टर आधी पेशंटलाच सांगतात. त्या दिवशी आई एकटीच आत होती. तुम्ही बाहेर बसला होतात, मी ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मला आईनंच सांगितलं."

मनोहररावांनी हातातला कप पायरीवर ठेवला.

"तुम्ही काय बजावलंत ते मी घरी आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, लपवू दे त्यांना. तेवढाच त्यांना धीर."

त्यांनी चेरीकडे पाहिलं. मग कसंबसं म्हणाले, "अगं, सगळं माहीत होतं, तर मग ते दहा वर्षांचं रोप कशाला मागत होती?"

"तुमच्यासाठी, बाबा. म्हणाली, निदान त्याला पाणी घालायला तरी सकाळी उठतील."