तंबी

"कुठल्याही जिवाला कोंडून ठेवायचा अधिकार माणसाला नाही," असं माधवरावांनी चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाहीर केलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

जीव बाहेर आला नाही. तो राळे फोडत बसला होता, ते त्याने चालू ठेवलं.

भाषण ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा मंदार आणि सून कीर्ती ऑफिसला, नात अवनी शाळेत. माधवराव साताऱ्याहून राहायला आल्यापासून पाखराचं दाणापाणी त्यांच्याकडे होतं. दुकानदार या तुरेवाल्या छोट्या पोपटांच्या जातीला कॉकटेल म्हणतात, त्यामुळे त्यांचं मत पहिल्या दिवसापासूनच कलुषित. त्यात अवनीने त्याचं नाव ठेवलेलं तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. माधवरावांना तंबी आयुष्यभर द्यायची सवय, पाळायची नव्हे. एकुलती एक नात पिंजऱ्याशी तासन्‌तास तमिळमध्ये गप्पा मारते आणि आजोबांशी बोलायचं म्हटलं की शब्द शोधत बसते, हे त्यांना खुपत होतं का? विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. प्रश्न तत्त्वाचा होता.

तत्त्व जागचं हलेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून आमटीचा डाव आणला आणि स्वातंत्र्याला मागून हलकेच ढकललं.

तंबी उडाला. उडाला म्हणजे काय, तिरका तिरका जात समोरच्या इमारतीवरच्या एसीच्या डब्यावर आदळला आणि तिथेच पंख पसरून धापा टाकत बसला. हॉलमधल्या पडद्यापासून टीव्हीपर्यंत, एवढंच त्याचं आजवरचं आकाश. दोन कावळे लगेच चौकशीला आले. एकाने शेपटी ओढून पाहिली.

माधवरावांनी वळून हॉलमधलं घड्याळ पाहिलं. शाळेची व्हॅन आता येईल. पोर दारातून आत आली की दप्तरसुद्धा न काढता आधी पिंजऱ्याकडे जाते.

"ये, बाळा, ये," त्यांनी राळ्याची वाटी वाजवली. कावळ्यांना शिव्या घातल्या, पाखराच्या विनवण्या केल्या, सगळं अस्सल मराठीत. तंबीने मान वाकडी करून पाहिलं. त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचल्याचं दिसलं नाही.

आरडाओरड्याने इमारत जागी झाली. खालच्या बाल्कनीत कोणी आलं, वरच्या बाल्कनीत कोणी आलं. फाटकापाशी रखवालदार आणि इस्त्रीवाला माना वर करून उभे राहिले. मधोमध माधवराव, अंगात बनियन, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात डाव.

"वा," खालून आवाज आला.

मग वरून, "वा, वा." रखवालदाराने कावळे उठवायला टाळ्या वाजवल्या. तोही म्हणाला, "वा, वा, वा."

तंबीने पंख झाडले, झेप घेतली आणि खरोखरच येऊन आपल्याच बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवर बसला. माधवरावांच्या हातापासून वीतभर. आता तर सगळ्या मजल्यांवरून एकच गलका उठला, "वा! वा!"

माधवरावांनी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या होत्या. कोणती वाहवा मनापासूनची आणि कोणती खिजवण्याची, हे त्यांना सांगावं लागत नसे. बनियनवरच्या म्हाताऱ्याची फजिती पाहून अख्खी इमारत दाद देत होती.

"तमाशा मांडलाय का इथे?" ते गरजले आणि त्यांनी डाव गरगर फिरवला.

तंबी दचकून उडाला. या वेळी सरळ उडाला. रेल्वेच्या उंच पुलावरून पलीकडे, पाणथळीच्या दिशेने. कावळे मागोमाग.

टाळ्या थांबल्या.

शेजारच्या बाल्कनीत विजयालक्ष्मीबाई उभ्या होत्या. मूळच्या तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी, जुन्या पोथीसारखं बोलणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हांस नव्हे हो. पाखरास बोलावीत होते ते. तमिळांत 'ये' म्हणायचें तर 'वा' म्हणतात. तुमची नात रोज तसेंच बोलाविते त्यास."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारिलें नाही," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या आणि दोरीवरचा टॉवेल घेऊन आत गेल्या.

व्हॅन आली. लिफ्ट वर येईपर्यंत माधवरावांनी मनात भाषण जुळवलं. त्यात निसर्ग होता, मुक्ती होती, पाखराच्या रक्तातली ओढ होती. दार उघडलं तेव्हा त्यातलं काहीच जागेवर सापडलं नाही.

"तंबी गेला," ते म्हणाले. "मी दार उघडलं."

अवनी रडली नाही. तिने रडावं, अशी त्यांची फार इच्छा होती. मग तिला जवळ घेता आलं असतं. ती दप्तरासकट बाल्कनीत गेली आणि कठड्याला छाती टेकवून हाका मारू लागली. एक गाडी पुलावरून गेली, तिच्या खडखडाटात हाक बुडाली. गाडी गेल्यावर तिने पुन्हा सुरुवात केली. ऊन समोरच्या इमारतीवरून उतरलं. तिचा आवाज बसत चालला.

माधवराव तिच्या मागे येऊन उभे राहिले. घसा खाकरला. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या भाषेतला एक शब्द उच्चारला. अगदी हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असा.

"वा."

अवनीने वळून पाहिलं. शब्द शोधायला तिला थोडा वेळ लागला.

"आबा, तुम्ही थोडं आत जाऊन बसता का? तुम्ही दिसलात तर तो येणार नाही."