ती दहा वर्षं

मुक्ताला अमेरिकेला न्यायचं तर हमीपत्रावर दर्शनची सही तेवढी उरली होती, बाकी सगळं मंजूर झालं होतं. पण तिकडून सुट्टीवर कोसबाडला येऊनही तो काही सही करेना. लग्नाआधी मुक्ताने तिकडेच दहा वर्षं नर्सचं काम केलं होतं आणि तेव्हा तिचं कुणा तुषारशी जमलं होतं, हे कानावर आल्यापासून ती दहा वर्षं त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती.

आजही ती ओट्यावर चिकू निवडत असताना त्याने तोच विषय काढला. "त्याचा अजून फोन येतो का, ते खरं सांग. मग करतो सही."

"राहू दे सही," मुक्ता म्हणाली. "वकिलाशी बोलले मी. तिकडे दहा वर्षं काम करून कर भरला असेल, तर नवऱ्याची हमी लागत नाही."

दर्शनच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे शेवटी तुषारचीच वर्षं कामी आली तुला."

मुक्ताने एक सडका चिकू बाजूला टाकला.

"तुषारची कुठली? रात्रपाळ्या मी केल्या होत्या."