दोन सह्यांची गोळी

“बावन्न मिनिटं खाल्लीत तुम्ही माझ्या पोरीची,” आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. छापखान्यातून ती तशीच उठून आली होती; पुस्तकं बांधायची खळ अजून बोटांवर वाळत होती.

टेबलापलीकडे मुख्याध्यापिका. भिंतीलगत दोन बाकं जोडून त्यांवर तेरा वर्षांची मुलगी आडवी पडलेली. डोळ्यांवर ओला रुमाल, उशाशी प्लास्टिकची बादली. दोनदा उलटी झाली होती. खिडकीचा पडदा ओढून घेतला होता, पण तो इतका विरलेला की ऊन त्यातून सरळ आत येत होतं.

घडलं होतं ते एवढंच. गणिताच्या तासाला तिच्या डोळ्यांपुढे नागमोडी उजेड हलायला लागला, मग डावं कानशील ठणकू लागलं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, दुखायला लागलं की लगेच गोळी; उशीर केलास तर पोटात जाऊनही ती फारसं काही करायची नाही. गोळी शाळेतच होती. ऑफिसच्या कपाटात, तिच्या नावाच्या पाकिटात, कुलपात. बाहेर काढायची तर आधी घरी फोन करून होकार घ्यायचा, मग एक सही कारकूनबाईंची, दुसरी मुख्याध्यापिकांची. छापखान्यात यंत्र चालू असताना फोन जवळ ठेवू देत नाहीत. मुख्याध्यापिका वर्गांच्या फेरीवर. कारकूनबाई किल्ली मुठीत धरून फोन लावत बसल्या. आईनं चहाच्या सुट्टीत तो उचलला, तेव्हा कुठे त्या सहीसाठी तीन जिने चढल्या. तोवर पोरगी कपाटासमोर उभी. कपाटाला काच होती. पाकीट दिसत होतं. गोळी हातात पडली तेव्हा बावन्न मिनिटं उलटली होती.

“डॉक्टरांची चिठ्ठी दिलीय मी,” आई म्हणाली. “वर्षभराचा होकार लिहून दिलाय. गोळी तिच्या दप्तरात राहू द्या.”

“अहो ताई, एकीला दिलं की उद्या चौघी मागतील. पोरं ती, गोळ्या चॉकलेटासारख्या वाटत सुटतील एकमेकांना. काही झालं तर मान कुणाची अडकणार?”

“आणि आज झालं ते?”

“डोकंच तर दुखलं.”

“अर्धशिशी आहे ती.”

“एवढ्याशा वयात?”

“वय विचारून येत नाही.”

दारात उभ्या असलेल्या कारकूनबाईंना राहवलं नाही. “तोंड पांढरंफटक पडलं होतं हो पोरीचं. मला वाटलं, किल्ली हातातच आहे, उघडावं.”

“मग?” आईनं विचारलं.

“मग काय. नोकरी आहे ना.”

मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

“सोमवारी परीक्षा सुरू होतेय,” आई म्हणाली. “पेपर चालू असताना दुखलं तर? ह्या पुन्हा जिने चढणार, आणि ही कोरा पेपर देऊन घरी येणार? अख्खं वर्ष घासलंय तिनं.”

“नियम वरून आलाय. मी कोण बदलणारी?”

“वरून म्हणजे कुठून? छतातून?”

सकाळपासून तीन पालक येऊन तोंड सोडून गेले होते, ही चौथी. मुख्याध्यापिकांनी दोन बोटांनी कपाळ दाबलं. समोरचे कागद सरळ केले, पुन्हा दाबलं. मग पर्स उघडली, आतल्या पट्टीतून एक गोळी फोडली, जिभेवर ठेवली आणि ग्लासातल्या पाण्याबरोबर गिळली. सगळं सवयीनं. आपण काय केलं हे त्यांच्या हातालाही कळलं नसावं.

पट्टीचा चंदेरी कागद फाटल्याचा बारीक आवाज खोलीत झाला होता. त्यानं बाकावरची पोरगी दचकली होती. असं डोकं दुखतं तेव्हा शेजारी पान उलटलं तरी कानात घण पडतो.

“आई, कुणी घेतली गोळी?”

“तुझ्या बाईंनी.”

“त्यांचं दुखतंय?”

“हो. आत्ताच दुखायला लागलं.”

पोरगी रुमाल न काढताच, डोकं हलू नये अशा बेतानं म्हणाली, “बाई, तुम्ही कुणाला विचारलंत?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कारकूनबाई जमिनीकडे बघू लागल्या. मुख्याध्यापिकांनी ग्लास खाली ठेवला, तोही आवाज न करता, आणि आईकडे पाहिलं.

“माझ्याकडे नको,” आई म्हणाली. “तिनं विचारलंय. तिला सांगा.”