ब्राह्मीचा थेंब

ऋताच्या सुधाकरकाकांचं ब्राह्मी सरबत टावर चौकात धडाक्यात खपायचं. "एक चमचा पाजला की पोरं गुमान अभ्यासाला बसतात," असं आया कौतुकानं सांगायच्या.

ऋताला शंका आली. भांगेनं मेंदूतला जो रिसेप्टर जागा होतो, तोच तिनं लॅबमध्ये पेशींवर बसवला होता. भांग लागली की पेशी हिरव्या चमकायच्या. तिनं सरबताचा थेंब टाकला आणि सगळी बशी लखलखली. तिनं बशीचा फोटो काढला आणि तडक दुकान गाठलं.

"लेकरांना भांग पाजता, काका? लाज नाही वाटत?" तिनं फोटो गल्ल्यावर आपटला.

"चिल्लाऊ नकोस गं. फोटो ठेव, देखते हैं."

 

दुसऱ्या दिवशी दुकानावर तोच फोटो हातभर मोठा होऊन झळकत होता, आणि खाली लिहिलं होतं: 'भतीजी की लैब में सिद्ध! पहली ही बूँद में बच्चे का दिमाग रोशन!'