जन्म जिथे, नोंद तिथे

"आजी, तुमच्या गावात दहा वर्षांत एकही जन्म नाही," नियोजन कार्यालयातलं यंत्र गोड आवाजात म्हणालं. "अंदाजानुसार गाव ओस पडणार. दवाखाना मिळणार नाही. एसटीही बंद."

"अरे मेल्या, दवाखाना नाही म्हणूनच लेकी तालुक्याला बाळंत होतात आणि सुना माहेरी!" सगुणाबाई कडाडल्या. "गल्लीत पोरांचा नुसता कालवा असतो, येऊन बघ!"

"जन्म जिथे, नोंद तिथे."

सून मंदाला माहेरी धाडायच्या आतच कळा सुरू झाल्या. गाडी मिळेना. सगुणाबाईंच्याच हातांवर मुलगी झाली, आणि मंदा गेली.

नातीला पदराखाली घेऊन त्या चालत कार्यालयात आल्या. दोन्ही नोंदी केल्या.

"जन्म एक, मृत्यू एक," यंत्र म्हणालं. "वाढ शून्य. अंदाज बरोबर निघाला, आजी."