तांबड्यांच्या घरची हळद

"त्याच्या तोंडावरची हळद पुसा रे आधी," गोमाजी ओरडला. "नायतर लाली दिसंल कशी?"

मांडवात हशा पिकला. कुणीतरी ओल्या पंचाने नवऱ्या मुलाचं, देवरामचं, तोंड खसाखसा पुसलं. कपाळ, गाल, कान, सगळं उघडं झालं.

बाळकुममध्ये या घराला तांबड्यांचं घर म्हणत. खरं आडनाव फक्त रेशनकार्डावर. घरातल्या पुरुषाच्या पोटात घोटभर दारू गेली की त्याचं तोंड, मान, कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या. म्हातारेकोतारे कौतुकाने म्हणायचे, रक्त बोलतंय. म्हणून हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाला पहिला ग्लास बापाने द्यायचा आणि सगळ्या भावकीने त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचं. लाल झाला की तो घरचा. अशी ही यांची थोर रीत!

नवऱ्या मुलाची आई, शेवंती, चुलीपाशी उभी होती. भाकरी तव्यावर करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. समोर खुर्चीत तिचा नवरा, गुणाजी. नाकातून नळी. दिवाळीपासून त्याच्या तोंडातून घास खाली उतरला नव्हता. नळीतून दूध ओतायचं ते तीच ओतायची. त्याचा बापही असाच गेला होता, घास अडकून अडकून. घरात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. 'घशाचं' एवढंच म्हणायचे.

नाव घेतलं होतं ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी. "दारूचं पोटात आधी विष होतं, शेवंतीबाई, आणि मग शरीर त्या विषाचा निकाल लावतं. तुमच्या घरातल्या पुरुषांना ते दुसरं काम जन्मापासूनच नीट जमत नाही. विष साचतं, म्हणून तोंड लाल होतं. तेच विष अन्ननलिका जाळतं, आणि तिथेच कॅन्सर होतो. तोंड लाल होणाऱ्याने दारूला शिवूसुद्धा नये."

"आणि माझा पोरगा, बाई?"

"बापाकडून आलं असेल, किंवा नसेलही. सांगता येत नाही."

शेवंतीने घरी येऊन हे सगळं दिराला सांगितलं होतं. गोमाजी पोट धरधरून हसला होता. "वयनी, लाल व्हतो तो निरोगी गो! पांढरा परतो तो आजारी. डॉक्टरनीला काय ठावं आमचं रक्त?"

आज सकाळी ती पोराच्या हातापाया पडली, तो ग्लास घेऊ नको म्हणून. तो लहानपणापासून कोपर गावी, तिच्या भावाकडे वाढलेला. तिनेच मुद्दाम ठेवला होता, या घरच्या बाटलीपासून लांब. दारूचा थेंब त्याला ठाऊक नव्हता.

"आई, बाबा स्वतःच्या हाताने देणार," तो म्हणाला. "परत कधी देतील ते? नाय कसा बोलू मी?"

तिला रडूच आलं.

गुणाजीने दोन्ही हातांनी ग्लास उचलला. तीन थेंब पितरांसाठी जमिनीवर सोडले आणि ग्लास पोराला दिला. देवरामने डोळे मिटून तो घशात ओतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. हळदीची गाणी म्हणणारी धवलारीणही गायची थांबली.

आई गावदेवी, शेवंती मनात म्हणत होती, नको लाल करूस माझ्या लेकराला. तुला खणानारळाने भरीन गो, नको करूस.

सगळे बघत होते. गोमाजी तर गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून पोराच्या कानामागे बघत होता. देवरामचा रंग होता तसाच सावळा. गाल नाहीत, कान नाहीत, मान नाही. काही म्हणता काही लाल झालं नाही.

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांत हसली नव्हती ती बाई खळाळून हसली. शेजारच्या मंजुळाचे दोन्ही हात धरून जोराने म्हणाली, "बापाचं नाय आलं गो त्याच्यात! बापाचं कायपन नाय आलं!"

मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

आपण काय बोलून बसलो ते तिला मंजुळाच्या तोंडाकडे बघून कळलं. मंजुळाने हात हळूच सोडवून घेतले होते.

"काय बोललीस, वयनी?" गोमाजी उठून उभा राहिला.

"तसं नाय भावजी... ती डॉक्टरीण बोललेली ना, ते रक्तातलं, ते विष..."

"पोरगा कोपरलाच वाढला ना गो?" म्हातारी गोदूबाई कुणाला तरी विचारत होती, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

शेवंती नवऱ्याकडे वळली. याला तरी ठाऊक आहे, पंचवीस वर्षं संसार केलाय याच्याबरोबर. गुणाजी तिच्याकडेच बघत होता. त्याचा आवाज कधीच गेला होता. त्याने सगळा जीव गोळा केला, नळी हलली, आणि नुसता वारा यावा तसा शब्द आला.

"कोनाचा?"

तिने त्याच्या खुर्चीचा हात धरला. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य आठवेना. आठवलं असतं तरी ऐकणार कोण होतं?

तेवढ्यात देवराम पाटावरून उठला. त्याने रिकामा ग्लास काकासमोर धरला. शेवंती धावली, तिने त्याचं मनगट धरलं. त्याने तिचा हात बाजूला केला, अगदी हळुवार, तिला लागू नये असा.

"आईकडे कुणी बघू नका," तो म्हणाला. "भर, काका. लाल होईपर्यंत भर."